कापसाचा टेका

आमच्या तुकडीला अमरावतीचा हुकूम आला तेव्हा मी अचलपूरच्या छावणीत गोलंदाज होतो. नोकरीला दोन वर्षे झाली होती. अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडातला कापूस विलायतेला कधी नव्हे इतका जात होता. रेल्वे अजून आमच्याकडे पोचली नव्हती. सगळा माल बैलगाड्यांनी जाई, आणि या गाड्या वाटेत लुटल्या जात. बंदोबस्तासाठी एक कंपनी पायदळ आणि एक सहा पौंडी पितळी तोफ अमरावती ते अकोला या रस्त्यावर ठेवायची, असे ठरले. ती तोफ आमची.

आमचे घर माळ्याचे. वडील अचलपूरच्या बाजारात वांगी, मिरची आणि झेंडू विकत. मी मराठी शाळेत पाच इयत्ता शिकलो होतो. शिकवणाऱ्या पंतोजींचे उपकार मी विसरलेलो नाही. त्रैराशिक येत होते, म्हणून तोफेचा कोन, दारूचे वजन आणि गोळा पडला ते अंतर वहीत लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. तुकडीत मला सगळे मास्तर म्हणत.

तोफेचा नंबर एक, म्हणजे तोफेवरचा मुख्य, नाईक गोविंद. जातीने सुतार, गाव अंजनगावजवळ, नोकरी सहा वर्षे. सरळ बोलणारा माणूस होता. पुण्याकडचा एक कारकून त्याला उद्धट म्हणे. त्याच्या हाताखाली काम करताना मला तसे कधी वाटले नाही.

तोफ डागली की गाडा मागे येतो. आमची तोफ कडक जमिनीवर पाच-सहा हात मागे येई. आठ जणांनी ती पुन्हा ढकलत जागेवर न्यायची, पुन्हा नेम धरायचा. काळ्या जमिनीत त्याहून वाईट होई. एक चाक रुते, दुसरे वर राही, नळी कलंडे आणि दुसरा गोळा भलतीकडे जाई. अमरावतीत आल्यावर पहिल्याच महिन्यात ड्रिलच्या वेळी गाडा तिरपा मागे आला आणि एका गोलंदाजाच्या पावलावरून चाक गेले. पाऊल कापावे लागले. त्या दिवशीही मी गोळ्याचे अंतर वहीत लिहिले होते. गोविंदने वही पाहिली.

"मास्तर, गोळा कोठं पडला ते बराबर लिवलं. पाय कोणाचा गेला ते काहून नाही लिवलं?"

"त्याले रकाना नाही, नाईक."

"मंग पाड रकाना."

दुसऱ्या दिवसापासून तो गाड्याला मागून अडवणाऱ्या टेक्याच्या मागे लागला. परेड संपली की बाभळीची लाकडे तासत बसे. दोन्ही चाकांखाली जाड फळ्यांचा पाट केला, त्यामुळे चाके एका पातळीत राहिली. मागे येणे मात्र थांबेना. गाड्याचे शेपूट, म्हणजे जमिनीला टेकणारा मागचा लाकडी भाग, कशाला तरी टेकले पाहिजे होते. त्याने मोठा दगड लावून पाहिला. शेपटाला चीर गेली. वाळूचे पोते लावले. ते फाटले.

मग त्याने कापूस घेतला. वऱ्हाडात रुई ज्या मोठ्या पोत्यात दाबून भरतात त्याला डोकडा म्हणतात. बाजारात चार माणसे डोकड्यात उतरून पायांनी रुई तुडवतात. गोविंदने आम्हा चौघांना तसे उतरवले. आमचा गाडीवान शेख इमाम पूर्वी कापसाच्या गाड्या हाकायचा. तो बाजूला उभा राहून हसत होता.

"अरे मास्तर, पोथी वाचून राहिला का कापूस तुडवून राहिला? टाच लाव टाच."

तुडवलेला डोकडा कच्च्या चामड्यात शिवला, शेपटामागे ठेवला आणि त्यामागे चार खुंटे ठोकले. पहिल्या बाराला गाडा हातभर मागे आला आणि डोकड्याने त्याला पुन्हा पुढे लोटले. मी अंतर मोजले. दोनदा मोजले. फळ्यांवर चाकांची जागा जवळजवळ तीच होती.

आमच्या तुकडीच्या कॅप्टनसाहेबांनी वरती रिपोर्ट लिहिला. मेजरसाहेब अकोल्याहून मूर्तिजापूरला येऊन पाहतील, असे उत्तर आले. त्यांना पटले तर आणखी तोफांना असा टेका मिळणार होता. गोविंदने बढतीचा विषय माझ्याजवळ कधी काढला नाही. एवढेच म्हणाला, "मेजरसायबानं हो म्हनलं तर मंग कोणाचा पाय नाही जाणार."

मूर्तिजापूरबाहेर सकाळी आठ वाजता तोफ लावली. जमीन काळी, वरून वाळलेली, आत ओली. मेजरसाहेब घोड्यावरून उतरले.

"लोड." "रेडी." "फायर."

तीन बार झाले. तिन्ही गोळे एका लहान बाभळीच्या आसपास पडले. चौथ्या बारानंतर कॅप्टनसाहेब, मेजरसाहेब आणि गोविंद फळ्या पाहायला पुढे चाकांशी गेले. मी शेपटाजवळ होतो. बत्ती देणाऱ्याने हात झटकला आणि बत्तीचा जळता तुकडा डोकड्यावर पडला. दोन दिवसांच्या मार्चमध्ये चामड्याची एक शिवण उसवली होती. नेमका तिथे पडला. बारीक धूर निघाला.

त्याच वेळी मेजरसाहेबांनी कॅप्टनसाहेबांना विचारले, "कापूस पेटत नाही का?" मला तेवढे इंग्रजी समजत होते. कॅप्टनसाहेब म्हणाले, "चामड्यामुळे ठिणगी आत जात नाही."

नळी पुसण्याच्या पाण्याची बादली जवळ होती. मी ती त्या जागी ओतली. दुसरीही ओतली. धूर थांबला. आमच्या घरी चूल, कडबा, शेकोटी, सगळे पाण्यानेच विझे. कापूस आमच्या घरात कधी आला नव्हता.

गोविंद परत आला. त्याला ओले दिसले.

"काय झालं?"

"ठिणगी पडली होती. विझवली."

"आत गेली काय? गेली असन तर डोकडा फाडून रुई पसरा लागते. पाण्यानं नाही मरत ते."

"नाही. चामड्यावरच होती."

ठिणगी शिवणीतून आत गेलेली मी पाहिली होती. मेजरसाहेब तोवर वीस पावलांवर जाऊन उभे होते. त्यांच्यासमोर डोकडा फाडला असता तर टेका तिथेच संपला असता. गोविंदसाठीच आपण हे करतो आहोत, असे मला वाटले. गोविंदने माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली. मास्तरचा शब्द म्हणून त्याने पुढे काही विचारले नाही.

मेजरसाहेबांनी त्याला शाबासकी दिली. साडेनऊ वाजता ते परतले. दहा वाजता आम्ही अकोल्याकडे निघालो. पुढे तोफ, मागे दारूगोळ्याची गाडी, तिच्यामागे इमामची सामानाची गाडी. डोकडा इमामच्या गाडीवर होता. वारा समोरून होता, मागच्या गाडीचा वास पुढे येत नव्हता.

दीड वाजता एका निंबाखाली हॉल्ट झाला. सावली थोडी होती, म्हणून दोन्ही गाड्या एकमेकींना लागून उभ्या केल्या. इमाम बैल सोडत होता. तोच ओरडला, "नाईक, धूर."

डोकड्याच्या पोटातून धूर येत होता. कॅप्टनसाहेबांनी हुकूम दिला, "गाडी हटवा. सगळे मागे." दारूच्या गाडीचे बैल सुटलेले होते. सहा जणांनी जू धरले. ती गाडी भरलेली, चाक रुतलेले. हलायला वेळ लागणार होता. गोविंद तेवढ्यात सामानाच्या गाडीवर चढला होता. त्याने डोकडा खाली लोटला. पडताच तो फाटला, आत हवा गेली आणि एकदम जाळ झाला. गोविंदने उडी मारली, डोकडा दोन्ही हातांनी धरला आणि मागे चालत ओढत नेला. मी नंतर पावले मोजली. बेचाळीस भरली.

दारूची गाडी वाचली. तोफेबरोबरचे आम्ही एकोणतीस जण वाचलो.

गोविंदला अकोल्याच्या इस्पितळात नेले. हात, छाती आणि तोंड भाजले होते. दुसऱ्या दिवशी मी भेटलो. तो हळू बोलला.

"चामडं कमी पडलं, मास्तर. दुहेरी पाहिजे होतं. लिवून ठेव."

मी लिहून घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो गेला.

चौकशी बसली. मला एकच प्रश्न विचारला.

"सुबह की आग बुझ गई थी?"

"जी साहब."

चौकशीचा तर्क असा: सकाळची आग विझली होती, मग दुपारी आग कुठून आली? कोणीतरी गाडीवर चिलीम ओढली असणार. सामान बांधायला गाडीवर नाईकच चढला होता. निकाल लिहिला गेला: नाईकच्या हयगयीने आग. टेका बंद करण्याचा हुकूम त्याच कागदावर होता. पुढच्या हिवाळ्यात आमच्या तोफेने आणखी एकाचा गुडघा घेतला.

त्यानंतर रजा मिळाली तेव्हा मी गोविंदच्या गावी गेलो. त्याचे वडील अंगणात वखराचे लाकूड तासत होते. मी उभ्याने सगळे सांगितले. ठिणगी, पाणी, चौकशी. त्यांनी वाकस खाली ठेवली नाही.

"तो चिलीम वढे, असं सरकारी कागदात हाये म्हनते."

"हो."

"त्यानं जल्मात वढली नाही."

"मले माहीत हाय, बाबा."

"मंग मले काहून सांगून राहिला? मले त माहीतच हाये. ज्याले खोटं सांगतलं त्याले जाऊन सांग."

मी पाणीही न पिता निघालो. त्यांनी विचारलेही नव्हते.

छावणीत येऊन कॅप्टनसाहेबांना सांगितले. त्यांनी दोनदा म्हणायला लावले. मग विचारले, "अब क्यों?" मला तोफेवरून काढले आणि पुढच्या महिन्यात नोकरीवरून. शेवटी खरे सांगितले म्हणून त्याच साहेबांनी शाळाखात्यातल्या एका अधिकाऱ्याला माझ्यासाठी चिठ्ठी दिली. त्या चिठ्ठीवर मी शिकलो, मुंबईला जाऊन पदवी घेतली. आमच्या घरात अक्षर ओळखणारा मी पहिलाच. हे उपकार ज्या कारणाने झाले ते मी कधी मोठ्याने सांगितले नाही.

साहेबांनी माझा जबाब वर पाठवला होता. निकाल मात्र आधीच आमच्या फौजेच्या मुख्य कचेरीत, हैदराबादला गेला होता. जबाब त्या कागदाला जोडला गेला की नाही, हे मी तीन वेळा लिहून विचारले. उत्तर आले नाही. म्हणून इथे लिहितो.

नाईक गोविंद, सुतार, सहा वर्षे नोकरी. ठिणगी पडली तेव्हा तो पुढे चाकांशी उभा होता. परत आल्यावर त्याने जे विचारायला हवे तेच विचारले. त्याला खोटे उत्तर मिळाले. ते मी दिले.