ड्रोन हैदराबादला अडकला, शेत वरून पाहायचं राहिलं

अप्पा, माझे वडील, गेले तेव्हा अव्वा, म्हणजे आई, मस्कतला माझ्याकडे होती. तिचं खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, त्यामुळे आम्हा दोघांनाही निघता आलं नाही. आमच्यात मृताला बसवून पुरतात. चुलतभाऊ शिवराजने अप्पांना आमच्याच शेतात बसवलं. पुढे डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं, तरी अव्वा निघेना. "तू जा. अप्पाला कुठं बसवलंय ते समदं शेत वरून दाखव मला," एवढंच म्हणाली.

म्हणून मी ड्रोन बॅगेत घेतला. मस्कतचा परवाना होता. भारतातले नियम पाहिलेच नाहीत. आपल्याच गावाला जाताना कसले नियम, असं वाटलं.

हैदराबादला उतरल्यावर रांगेत उभं राहून फोनवर वाचलं, की तयार ड्रोन बाहेरून भारतात आणायला बंदी आहे. कस्टम्सच्या लाल मार्गाने जाऊन स्वतःच सांगितलं. अधिकाऱ्याने बराच वेळ पासपोर्ट पाहिला. मग ड्रोन ठेवून घेतला आणि परत जाताना तो सोडवून घ्यायला पावती दिली. लपवला असता तर जप्तच झाला असता. कुणी जाणार असाल तर पावती जपा, आणि परतीचं तिकीट त्याच विमानतळावरून काढा.

शिवराज गाडी घेऊन आला होता. जहिराबादच्या पुढे एका ढाब्यावर भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली.

"अण्णा, खरं बोलायला तुला कुणी सांगितलं? कामून बोललास?" तो हसत होता. "असू दे. आपला दस्तगीर हाय की. ड्रोननं लग्नाचं शूटिंग करतो. परवानाबी हाय त्याच्याकडं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दस्तगीर शेतात आला. त्याने आधी फोनवर ड्रोन कुठे उडवता येतो त्याचा सरकारी नकाशा उघडला. बीदरच्या हवाई दलाच्या विमानतळामुळे आमचं शेत पिवळ्या पट्ट्यात येत होतं. तिथे हवाई नियंत्रणाची परवानगी लागते, आणि माझ्याकडे चारच दिवस होते.

"नक्को अण्णा," तो म्हणाला.

"मग ओढ्यापल्याड चला," शिवराज म्हणाला. "तिकडं तेलंगणा हाय. तिथनं उडवू."

आमच्या ह्या दोन राज्यांच्या हद्दीवर सगळं असंच चालतं. जे इकडे महाग किंवा बंद, ते पलीकडे जाऊन करायचं. मलाही ते पटलं. बूट काढून आम्ही ओढा ओलांडला. दस्तगीरने त्याचा ड्रोन बांधावर ठेवला आणि पुन्हा नकाशा पाहिला. तिथेही पिवळंच.

"विमानाला ओढा दिसत न्हाई, शिवराजभाई."

तेवढ्यात सरावाची दोन विमानं डोक्यावरून गेली. आवाज छातीत बसला.

"गेली की. आता उडव. पाच मिनटाचं काम हाय," शिवराज म्हणाला.

दस्तगीरने रिमोट माझ्या हातात दिला. "तुम्हीच दाबा अण्णा. अव्वासाठी करायलाव, मला कळतंय. पर माझा परवाना गेला तर लग्नाचा सीझन गेला."

पलीकडे तुरीत अप्पांच्या जागेवरचा चुना लावलेला कट्टा दिसत होता. अव्वाने दुसरं काही मागितलं नव्हतं. अंगठा बटणावर होता. तिसरं विमान येताना दिसलं, आणि मी रिमोट परत केला. दस्तगीर घाईने ड्रोन पिशवीत भरू लागला. शिवराज बूट हातात घेऊन ओढ्याकडे निघाला.

मग फोनवर चालत चालत व्हिडिओ काढला. तो हलतो, आणि निम्म्यात तूर मध्ये येते.

परतताना विमानतळावर पावती दाखवून ड्रोन मिळाला. मस्कतच्या घरात शिरल्यावर आधी अव्वाच्या हातात फोन दिला.

"वरनं न्हाई?" अव्वाने विचारलं.

"न्हाई जमलं."

तिने फोन डोळ्यांजवळ धरला. कट्टा दिसला, पुन्हा तुरीआड गेला. तिने फोन थोडा तिरका केला, जणू त्याने तूर बाजूला होईल.

त्या दिवशी बटण दाबायला हवं होतं, असं अजून कधीकधी वाटतं. पण वरून नीट दिसलं असतं तर तेवढ्यावरच तिचं भागलं असतं, अशी भीतीही वाटते.

व्हिडिओ संपायच्या आधीच तिने फोन परत दिला.

"ह्यात काय दिसायलंय?" ती म्हणाली. "माझं तिकीट काढ."