पडका किल्ला आणि माहेरचं नाव

लग्नानंतर होणाऱ्या नवऱ्याचं, शॉनचं आडनाव लावणार, असं आमच्या लेकीने, ईशाने डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावातल्या आमच्या घरी पोहे खाताखाता जाहीर केलं आणि मी पोह्यांची बशी बाजूला सारली. त्याच आठवड्यात शॉनने आयर्लंडमधला त्याच्या पूर्वजांचा किल्ला बघायला बोलावलं. ह्यांना सुट्टी नव्हती, मी मात्र लगेच तयार. तिचं मन वळवायला चार दिवस मिळणार होते, खोटं कशाला बोलू?

डेट्रॉइटहून एक विमान बदलून डब्लिन. भाड्याची गाडी ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच सांगून ठेवा. पश्चिमेकडे रस्ते इतके अरुंद की झुडपं आरशांना घासतात. डावीकडून चालवताना शॉन घामाघूम आणि मागच्या सीटवर माझी चुळबुळ. दोनदा विषय काढला, दोनदा ईशा म्हणाली, "आई, नॉट नाऊ!" वाटेत सूप आणि जाड ब्राऊन ब्रेड मिळतो, शाकाहारी असाल तर सूप कशाचं ते विचारून घ्या.

किल्ल्याला तिकीट नाही, शेजारच्या घरी चावी मागायची. चावीवाल्या आजीबाई सोबत आल्या. छप्पर गेलेलं, आत मेंढ्या. त्या सांगत होत्या, शॉनचं घराणं इथे पिढ्यान्‌पिढ्या राज्य करत होतं. मग भाऊबंदकी झाली, एक भाऊ इंग्रजांना मिळाला आणि शेवटी इंग्रजांनी दोघांचीही जमीन घेतली. उरलेले जहाजाने परदेशी गेले. मला यातलं काहीच परकं वाटेना. शॉनच्या आडनावाच्या सुरुवातीचा 'ओ' म्हणजे नातू, हेही कळलं.

"हे सरदाराच्या बायकोचं नाव," अक्षरं कोरलेल्या एका दगडावर हात ठेवत आजीबाई म्हणाल्या. "माहेरचंच. तेव्हा इथे बायका नवऱ्याचं नाव लावत नसत."

"बघ!" मी ईशाला म्हणाले.

"पण तूसुद्धा चेंज केलंस ना?"

"मला कुणी विचारलं होतं?" माझा आवाज जरा जास्तच चढला. "लग्नात तुझ्या बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'मृदुला' लिहिलं, तेव्हा मला कळलं मी मृदुला झाले ते!"

"वेट, मृदुला तुझं खरं नाव नाही?"

बँकेच्या फॉर्मवर आईचं माहेरचं आडनाव म्हणून ती वर्षानुवर्षं 'फाटक' टाइप करत आली होती. पहिलं नावही बदललेलं, हे मी कधी सांगितलंच नव्हतं. मला रडू आलं आणि मी तरातरा गाडीत जाऊन बसले.

ट्रॉयला परतल्यावर ईशाने निर्णय सांगितला, शॉनचंच आडनाव. "मला आवडतं म्हणून, आई. कुणी सांगितलं म्हणून नाही." वाईट वाटलं, अजूनही वाटतं. मग लग्नपत्रिकेचा मजकूर उघडून तिने विचारलं, "तुझं नाव काय लिहू?"

हे मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

"हेमलता," मी म्हणाले.

बाहेरच्या खोलीतून ह्यांनी विचारलं, "कोण हेमलता?"