डेलियाच्या घरची मिस्सा

डेलिया लव्हेलचं घर आमच्याच गावचं. फक्त मधली पुळण समुद्र दिवसातून दोनदा गिळतो. ओहोटीला तिच्याकडे चालत जायचं, भरतीला इकडून नुसता हात हलवायचा. एवढ्यानंच तिचा घात केला होता. वसंतात आमच्याकडे मिस्सा, म्हणजे चर्चमधली फादरांची उपासना, पाळीपाळीनं घराघरांत होते. डेलियाची पाळी आली की जुने फादर पाणी बघायचे आणि अलीकडच्या रुआनबाईंकडेच उरकायचे. डेलियाला नातवंडं झाली, पण तिच्या छपराखाली मिस्सा काही झाली नाही.

नवे फादर टूही "येतो" म्हणाले, तशी ती हरखली. भिंतींना चुना, दाराला रंग. कोंबड्यांनासुद्धा घरात यायची बंदी.

"नऊला या, फादर. पुळण कोरडी असेल."

आता सरकारनं उन्हाळ्यापुरती घड्याळं तासभर पुढे ढकलली होती. फादर त्या नव्या वेळेवर चालायचे. आमच्या गावानं असलं काही कधी मनावर घेतलं नाही, आणि डेलियाचे नऊ म्हणजे जुने नऊ. त्यामुळे फादर मिस्साच्या सामानाची पिशवी घेऊन तासभर आधीच हजर, आणि पुळणीवर मांडीएवढं पाणी!

मी तिथंच शेतात खत म्हणून घालायला समुद्राचं शेवाळ गोळा करत होतो. रुआनबाई दारात उभ्याच होत्या.

"या फादर, माझ्याकडेच करा. न्याहारीला अंडीही उकडलीत. तिचं नशीबच ओलं, त्याला तुम्ही काय करणार!"

फादर वळले. पलीकडून डेलियानं ते पाहिलं. नवा झगा कमरेला खोचला, गाढवाला धरलं आणि बाई सरळ पाण्यात.

"फादर! त्या उंबऱ्यात पाय टाकलात तर बघा!"

"अहो, पण पाणी..."

"उतरतंय की! बसा गाढवावर. ती पिशवी डोक्यावर धरा, देवाला भिजवू नका."

"हे चावत नाही ना?"

"फादर लोकांना अजून तरी नाही."

"अगो, निमोनिया होईल तुला!" रुआनबाई ओरडल्या.

"होऊ दे! मिस्सा झाल्यावर होऊ दे!"

तासाभरानं सगळं गाव कोरड्या पुळणीवरून पोचलं, तर फादर चुलीपाशी डेलियाच्या नवऱ्याची विजार घालून आमची वाट बघत बसलेले. रुआनबाईसुद्धा आल्या, अंडी फडक्यात बांधून.

डेलियानं झगा बदलला नाहीच. सगळ्यांच्या पुढे गुडघे टेकून बसली. तिच्याभोवती जमिनीवर लहानसं तळं साठलं. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

मान न वळवता डेलिया पुटपुटली, "हसा, हसा. माझ्या घरात हसताय."