खरं बोलण्याचा आजार

मी जन्मजात थापाड्या. पशुवैद्यकीय कॉलेजचे वर्ग संपवून गडचिरोलीच्या जंगलातल्या एका गुरांच्या दवाखान्यात इंटर्नशिपला गेलो, आणि पहिल्याच आठवड्यात गावभर सांगून टाकलं की इथल्या उन्हात थर्मामीटर म्हशीला लावायच्या आधीच ताप दाखवतो, आणि मी सुई काढली की अस्वलं आपणहून रांग लावतात. माझा खोलीसोबती बल्लारपूरचा. तो कपाळाला हात लावून ऐकायचा.

मग एका सोमवारी ती बकरी आली. पोट टम्म फुगलेलं. एका बाईनं खांद्यावर टाकून जंगलवाटेनं आणली होती. मोठे डॉक्टर दौऱ्यावर. शिकवलेलं सगळं मी केलं, तरी ती माझ्या हाताखाली गेली. बाईनं तिच्या गळ्यातली दोरी सोडली, गुंडाळली आणि मलाच म्हणाली, "तू त सगळं केलं न बाबा." शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

परतल्यावर डॉक्टर म्हणाले, आणायलाच उशीर झाला होता, तुझी चूक नाही. ते कानापर्यंत आलं, आत गेलं नाही. झोप उडाली, घास उतरेना. मी बॅग भरली. शनिवारच्या संध्याकाळच्या बसनं निघायचं, डिग्री गेली खड्ड्यात. कुठं जायचं ते मात्र ठरवलं नव्हतं, आणि नेमकं तेच सोबत्याला खटकलं.

कॉलेजनं विद्यार्थ्यांसाठी एक समुपदेशक मॅडम नेमल्या होत्या. वर्गात त्यांनी नंबर दिला तेव्हा मी खिदळलो होतो. सोबत्यानं तो जपून ठेवलेला. रेंजसाठी तो मोहाच्या झाडावर चढला (शेंड्यावर दोन वानरं आधीच फोनवर होती, म्हणून याला खालची फांदी मिळाली) आणि ओरडला, "मॅडम, आमचा गप्पाड्या सोमवारपासून खरं बोलून राह्यला!"

दुसरं कोणी हसलं असतं. मॅडम शनिवारी दुपारी बस बदलत बदलत हजर.

"मी काय पागल आहो का?" मी फणकारलो.

"मले काय मालूम? आधी चहा पाज." मग शांतपणे, "बकरी केवढी होती?"

तोंडातून हत्तीएवढी निघायला हवी होती. मी दोन्ही हात पुढं केले, ते एकमेकांपासून फारसे लांब गेलेच नाहीत. "एवढीशी होती, मॅडम."

आणि रडलो. त्या दिवशी वैनगंगेचं पाणी वाढलं ते माझ्यामुळं. मॅडमनी गप्प हो म्हटलं नाही, स्वतःचा चहा थंड होऊ दिला.

मग त्या डॉक्टरांशी बोलल्या. काही दिवस मी एकट्यानं जनावर घ्यायचं नाही, डॉक्टर शेजारी उभे राहतील. दर आठवड्याला मॅडमचा फोन येईल.

"पन बकरी आठवनच," मी म्हणालो.

"आठवू दे न. आठवली का मले फोन कर."

आज मी याच भागात गुरांचा डॉक्टर आहे. माझ्या हातून जितकी वासरं उभी राहिली, त्यांतली निम्मी मॅडमची आणि निम्मी त्या झाडावरच्या माकडाची. वानरांची नाही, सोबत्याची म्हणतोय.

तर त्या शनिवारी संध्याकाळी बस आली. मॅडम चढल्या, माझी बॅग खोलीतच राहिली. बस हलली तसा मी खिडकीशी धावलो.

"मॅडम, सांभाळून! काल याच बसमध्ये वाघ चढला, तिकीट काढून बसला!"

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "हाफ का फुल?"

"फुल, मॅडम! शेपटीचं वेगळं!"

मागून सोबत्यानं शिट्टी मारली. "झाला दुरुस्त!"