धारवाडच्या बाईंचा नकार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, घरीही नाही. राघूअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा दुःखाच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं… आता त्यांना कधीच कळणार नाही, म्हणून.

अण्णा बसवनगुडीतले, कित्येक पिढ्यांपूर्वी इथे, कन्नड मुलखात रुजलेल्या मराठी घरातले. ऑफिसातल्या साध्या प्रिंटरवर मराठी आणि कन्नड अक्षरं उमटवणारा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला आणि कोडसकट सगळ्यांना मोकळा करून दिला. गावोगावचे लोक त्यात सुधारणा करून ई-मेलनं आमच्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे एक पत्र सगळ्यांना पोचवणाऱ्या यादीवर, पाठवायचे. अण्णा सकाळी कॉम्प्युटरला फोन जोडून पत्रं उतरवून घ्यायचे, फोन तोडायचे आणि मग कॉफी घेत ओळ न् ओळ वाचायचे. पटलं तरच बदल आत. त्यांचा एकच दंडक होता, मला खासगीत लिहू नका, जे असेल ते लिस्टवर, सगळ्यांसमोर. आणि त्या लिस्टचा दरवान मी. प्रत्येक पत्र आधी माझ्याकडे थांबायचं; कचरा गाळून बाकीची मी पुढे सोडायचो.

माझे स्वतःचे बदल त्यांनी किती वेळा परत पाठवले! "तुझा कोड म्हणजे आपला ऑटोवाला रे, मीटर आहे, पण टाकत नाही." मी हसायचो आणि आत जळायचो. अशात परदेशातल्या एका सर्व्हरवर फुकट जागा मिळू लागली. कोड तिथे ठेवायचा, ज्याला अधिकार दिला त्यानं बदल थेट तिथेच करायचे. कुणाच्या कॉफीची वाट बघायला नको. अण्णा म्हणाले, "स्वल्प थांब. लिस्टवर विचार. एकानं जरी अडचण सांगितली तरी नको."

एकानं सांगितली. धारवाडच्या वसुधाबाई, शाळेत शिकवायच्या; कन्नड जोडाक्षरं सगळी त्यांनीच बसवलेली. त्यांच्या स्वस्तातल्या कनेक्शनवर फक्त ई-मेल यायचा, सर्व्हरपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. "असं केलंत तर मी बाहेर पडले," त्यांनी लिहिलं. ते पत्र मी पुढे सोडलं नाही.

अण्णांनी समोर बसवून विचारलं, "कुणीच नको म्हणालं नाही?"

"नाही, अण्णा."

"धारवाडच्या बाईसुद्धा?"

"त्यासुद्धा."

"सरी, ठीक आहे. मग मी कोण अडवणारा?"

कोड सर्व्हरवर गेला. काम झपाट्यानं वाढलं, तेही खरं. पण बाईंची पत्रं थांबली, तरी अण्णा रोज सकाळी फोन जोडत राहिले. "बाईंना कंटाळा आला वाटतं रे," ते अधूनमधून म्हणत आणि माझ्याकडे बघत राहत. प्रत्येक वेळी वाटे, ओळखलंय यांनी…

अण्णा गेल्याचं मी लिस्टवर कळवलं. त्यावर पहिलं पत्र वसुधाबाईंचं आलं. "मी नको म्हटलं म्हणून अण्णा रागावले होते का? त्यांनी उत्तरच दिलं नाही."

अण्णा रागावले नव्हते. ते वाट बघत होते. हा लेख बाईंच्या हाती पडेलही, पण लेख म्हणजे उत्तर नव्हे. त्यांना त्यांच्या नावानं लिहिलेलं उत्तर मी अजून देणं लागतो.