तिन्ही पाण्यांची कयाक

मामा पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवायचा आणि लगेच प्यायचा नाही. पाणी स्थिर होईपर्यंत थांबायचा, मान वाकवून उजवा डोळा पाण्याच्या रेषेशी आणायचा, डावा मिटायचा, आणि मग ग्लास उचलायचा. रोज सकाळी, न चुकता. मामी म्हणायची, "तहानेने जीव गेला तरी चालेल, आधी मोजमाप झालं पाहिजे."

एकतीस वर्षं तो धरणावर पाण्याची पातळी वाचत होता. भिंतीला लावलेल्या मोजपट्टीवर वाऱ्याने पाणी वरखाली होतं, म्हणून एकदा वाचून आकडा लिहायचा नाही. थांबून थांबून तीनदा वाचायचं आणि मग ठरवायचं, ही त्या कामाची रीत. ती रीत घरीही आली होती. भाजी घेताना तीन दुकानं, डॉक्टरांकडे जायचं तर तीन वेळा दुखल्यावर. एवढी वर्षं पाण्याजवळ काढून तो पाण्यावर मात्र एकदाही बसला नव्हता. कर्मचाऱ्यांनी तलावात उतरायचं नाही, असा नियम होता आणि मामा नियमाचा पक्का.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला, "मी मोजलेलं पाणी जातं कुठे, ते एकदा त्याच्याबरोबर जाऊन बघायचंय. एकट्याने."

वर तलाव, धरणाच्या खाली नदी आणि शेवटी खाडी. तीन दिवसांची वाट. त्यासाठी त्याला कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी अरुंद होडी, हवी होती, आणि तीही वर बसायची. बंद कयाकीत माणूस कमरेपर्यंत आत शिरतो, उलटली की अडकल्यासारखा होतो. हिच्यात आत शिरणं नाही. तरंगत्या बाकावर बसावं तसं उघड्यावर बसायचं. पाणी आत आलं तर तळाच्या भोकांतून आपोआप निघून जातं, पडलो तर पुन्हा चढून बसता येतं. मामाला हे फार पटलं होतं. "पडायची सोय आहे तिच्यात," तो म्हणायचा.

घरात मग कयाकींच्या चित्रांचे कागद पसरले. मामी पसारा आवरत म्हणाली, "होडी बघताय की सून? मला बघायला आलात तेव्हा एका चहात उरकलंत."

"तेव्हा पाणी संथ होतं," मामा म्हणाला.

"आता खवळलंय. जपून."

तलावाच्या काठी कयाकींचं दुकान होतं. ते चालवणारी बाई पन्नाशीची, उन्हाने रापलेली, मोठ्याने बोलणारी. उन्हाळ्यात मी मामाबरोबर पहिल्यांदा तिथे गेले. मामाने तिला तिन्ही पाणी सांगितली आणि तिन्हींना चालेल अशी मागितली.

"काका, तिन्हीकडे चालणारी म्हणजे तिन्हीकडे थोडी थोडी रडणारी," ती म्हणाली. "लांब, अरुंद घेतलीत तर मोकळ्या पाण्यात सरळ जाईल, पण नदीच्या वळणावर हट्ट करेल. आखूड घेतलीत तर नदीत भिंगरीसारखी वळेल आणि खाडीत वारा तिला कागदासारखी ढकलेल. रुंद असली तर डुलत नाही, पण वल्हं मारून मारून तुमचे खांदे उतरतील."

"मग मधली?"

"तुमच्या वाटेवर सगळ्यात वाईट पाणी कुठलं?"

"खाडीचं तोंड. भरती येताना."

"मग त्याच्यासाठी घ्या. चांगल्या पाण्यात कुठलीही चालते."

तिने एक पिवळी, लांबट कयाक काढली. पुढचं टोक लाटेवर चढावं म्हणून वर उचललेलं. तळाला सरळ चालण्यासाठी एक पातं, उथळ पाणी आलं की दोरी ओढून वर घ्यायचं. तलावात भोकांना बुचं लावायची म्हणजे बूड कोरडं राहतं, लाटांत ती काढून टाकायची. मग म्हणाली, "आता खोल पाण्यात जा आणि मुद्दाम पडा. परत चढता आलं तर ती तुमची. पोट, कूस, बूड, या क्रमाने."

तरंगायचं जाकीट घातलेला मामा पाण्यात पडला, पलीकडची कड पकडली, पाय झाडले, आडवा पोटावर आला, कुशीवर वळला आणि बसला. एका दमात. त्याच्या चष्म्याला बांधलेली दोरी कानामागून लोंबत होती आणि तो लहान मुलासारखा हसत होता.

"आजच घेऊन जा," दुकानवाली म्हणाली.

"नाही. हे एक वाचन झालं. पावसाळा सरला की दुसरं, थंडीत तिसरं. पाण्याचे सगळे रंग बघून घेतो."

मी म्हटलं, "मामा, होडी आहे ती, पट्टी नाही." त्याने ऐकलं नाही. मीही फार ताणून धरलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

पावसाळ्यानंतर आम्ही पुन्हा गेलो. तीच पिवळी कयाक. मामा पडला, कड पकडली, आणि घसरला. दुसऱ्या वेळीही घसरला. तिसऱ्यांदा चढला. किनाऱ्यावर येऊन म्हणाला, "ही थोडी उंच पडते. रुंद आणि बुटकी दाखवा." दुकानवालीने माझ्याकडे पाहिलं. त्या महिन्यात घरी बरण्यांची झाकणं मामी उघडत होती. मामा म्हणायचा, हल्ली झाकणंच घट्ट येतात.

थंडीत त्याने रुंद, आखूड, सगळ्यात हलकी कयाक आजमावायला घेतली. पाणी अगदी शांत होतं. तो पडला. कडेला हात लावला, पण बोटं मिटलीच नाहीत. दुकानवाली कमरेइतक्या पाण्यात उतरली आणि त्याला बगलेतून धरून काठावर आणलं. तिने विनोद केला नाही, तेव्हाच मला भीती वाटली.

मामा टॉवेल गुंडाळून पायरीवर बसला. मी म्हटलं, "पाणी गार होतं रे. तिन्हींचा मधला आकडा धर ना."

"मधला आकडा पाणी वरखाली होतं तेव्हा धरतात." तो हाताकडे बघत होता. "तिन्ही आकडे उतरते आले तर ती लाट नसते. कुठेतरी धरणाचं दार उघडं राहिलेलं असतं."

डॉक्टरांनी पुढे जे सांगितलं ते यापेक्षा लांब होतं, पण वेगळं नव्हतं. स्नायूंचा आजार, आधी हात, मग पाय, मग गिळणं, मग श्वास. औषधाने वेग थोडा कमी होईल. परत काही येणार नाही.

दोघांची कयाक घेऊ, मी मागे बसून वल्हवते, असं मी सुचवलं. मामा म्हणाला, "मग ती माझी वाट नाही, तुझं ओझं." तरी त्याने ती पिवळी, लांबट कयाक मागवलीच. का, ते विचारल्यावर म्हणाला, "बाईने बरोबर सांगितलं होतं. पहिलं वाचनच खरं होतं."

ती एकदाच पाण्यात गेली. मी आणि दुकानवालीने त्याला उचलून तिच्यावर बसवलं, गुडघाभर पाण्यात, टोकाला दोरी बांधून. दोरी माझ्या हातात. वल्हं त्याच्या मांडीवर आडवं ठेवलेलं. बुचं लावायची राहून गेली होती. भोकांतून इंचभर पाणी वर आलं आणि तिथेच थांबलं. मामा मान वाकवून त्या पाण्याकडे बघत होता. काठावरचे एक बाबा नातवाला म्हणाले, "बघ, आजोबांना शिकवतायत." मामाने मान वर केली नाही. दहा मिनिटांनी म्हणाला, "चला, थंडी वाजते." ऊन चांगलं होतं.

त्यानंतर ती कयाक परसात दोन स्टुलांवर पालथी राहिली. विकू या, असं कोणी म्हणालं नाही. मामीने आधी तिच्यावर चादर टाकली. मग वाळत घालायला जागा कमी पडायला लागली, कारण मामाचे कपडे दिवसातून तीनदा बदलावे लागत. तिने ते कयाकीवर पसरायला सुरुवात केली. पिवळ्या प्लास्टिकवर ते लवकर वाळत.

मामाची खाट खिडकीशी हलवली होती. पाणी आता ठसका लागू नये म्हणून घट्ट करून, चमच्याने पाजावं लागे. तरी मामी ग्लास आधी त्याच्या डोळ्यांसमोर धरायची, पाणी थांबेपर्यंत, आणि तो डावा डोळा मिटायचा.

शेवटच्या दिवशी दुपारी मी तिथेच होते. मामी परसात कयाकीवर वाळत घातलेले उशांचे अभ्रे काढत होती. मामाने खिडकीतून विचारलं, वाळले का. आवाज इतका बारीक होता की मी तेच मोठ्याने पुन्हा विचारलं.

"वाळलेत हो," मामी म्हणाली, "कडक झालेत अगदी."

मामा थोडं थांबला, श्वास गोळा केला.

"एकदा परत हात लावून बघ," तो म्हणाला.