रस्त्यापलीकडची बाग

माझे आजोबा, आप्पा, गुरुवारी गेले. आज त्यांच्या शोकसभेसाठी बागेचं कुलूप उघडलं.

याआधी ते एकदाच उघडलं होतं. उद्घाटनाला.

बाग आमच्या घरासमोर. मध्ये न्हावऱ्याला जाणारा रस्ता. उसाच्या डबल ट्रॉल्या, कंपन्यांच्या बसेस. ना झेब्रा क्रॉसिंग, ना स्पीडब्रेकर.

बागेला कमान मात्र आहे. तिच्यावर पुढाऱ्यांचे सात फोटो.

कुलूप कशासाठी? "लोक आत येऊन घाण करतात." म्हणजे बाग लोकांपासून वाचवली.

आप्पांचे मित्र म्हादूमामा पलीकडे राहतात. मागच्या उसाच्या सीझनला त्यांच्याकडे जाताना आप्पांची काठी ट्रॉलीखाली गेली.

काठीच गेली, पण आप्पांनी रस्ता ओलांडणं सोडलं.

मग आप्पा आमच्या ओट्यावर, मामा बागेच्या बंद गेटबाहेर दगडावर. समोरासमोर बसून फोनवर बोलायचे.

"म्हादबा, टोपी नवी काय रं?"

"व्हय. हितनं दिसली तुला?"

"डोळं शाबूत हायेत. पायच न्हाईत."

"मंग ये की उडत."

ट्रॅक्टरवर गाणी लावून ट्रॉली आली, की ती जाईपर्यंत दोघं गप्प.

मी इंजिनिअर. रस्ता मोजला: साडेनऊ मीटर. आप्पांना लागायची बावीस सेकंदं. स्पीडब्रेकरसाठी तसा अर्ज लिहून आमदारसाहेबांकडे दिला.

साहेब हसले. "ताई, या वयात घरी बसावं ना. रिस्क कशाला?"

मीही त्यांच्याहून फार वेगळं वागले नाही. पावलं मोजणारा बँड आणला. "आप्पा, गच्चीवर फिरा. पावलं तेवढीच होतात."

"व्हतील की. पन गच्चीवर कोन हाय?"

मी बँड चार्जिंगला लावला.

आज साहेबांची गाडी आली. कार्यकर्त्यांनी शिट्ट्या मारून रस्ता दोन्ही बाजूंनी अडवला. त्यातच आम्ही घरचे निवांत ओलांडून गेलो.

साहेबांनी आप्पांना 'आधारवड' म्हटलं. नाव चुकीचं घेतलं. पुढे दौंडला आणखी एक शोकसभा होती, त्यामुळे वेळ मात्र पाळली.

भाषण चालू असताना माझ्या पर्समध्ये आप्पांचा फोन वाजला.

स्क्रीनवर 'म्हादबा'.

मामा आत आलेच नव्हते. गेटबाहेर, त्याच दगडावर, आमच्या घराकडे तोंड करून बसले होते.

"सवयीनं लावला गं पोरी. ओटा रिकामा हाय."

"हो मामा."

मी भाषणातून उठले आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसले. समोर रस्ता अजून अडवलेलाच होता.

आप्पा, आज रस्ता थांबवलाय.

सावकाश ओलांडा.